कॉलेजची फी : घरात बसून करावयाचा एक हिशेब



दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर नुकतीच बारावी झालेली मुले आणि त्यांचे पालक बसलेले दिसतात. कोणाला शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो, कोणाला गुणपत्रिकेवरील नावातली चूक दुरुस्त करून हवी असते, कोणाला नुसते विचारायचे असते की "सर, आता काय करावे?" काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील आले. मुलीला इंदूरच्याच एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि फी भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आम्ही दाखला लगेच करून दिला. पण ते उठेनात. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, पैसे आहेत, पण आत्ता नाहीत."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. पैसे खरोखरच होते. एक मुदत ठेव सप्टेंबरात पिकणार होती. भिशीचा नंबर दिवाळीला लागणार होता. मेहुण्याकडून चाळीस हजार यायचे होते. या सर्वांची बेरीज फीपेक्षा जास्तच होत होती, पण त्या आठवड्यात हातात काही नव्हते. ठेव मुदतीपूर्वी मोडता येते, थोडेसे व्याज कमी मिळते इतकेच, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, आणि कोणाला विचारण्याचा संकोच वाटला होता. जागा गेली. मुलीने पुढे शासकीय महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि उत्तम गुणांनी ती उत्तीर्ण झाली. तिचे काही वाईट झाले नाही. पण नंतर भेटली तेव्हा ती एक गोष्ट बोलली. ऑनलाइन यादी भरताना मैत्रिणींनी जे कॉलेज पहिले लिहिले तेच तिने लिहिले होते. विद्यापीठाच्या विभागात फी कमी होती, तिथे दुसरी शाखा मिळाली असती. "बाबांनी आधी सांगितले असते तर मी तेच पहिले लिहिले असते. मला वाटले, आपल्याकडे पैसे आहेत."

आपल्या मराठी घरांत मुलांसमोर पैशाबद्दल बोलू नये अशी पद्धत आहे. "तू अभ्यास कर, पैशाचे आम्ही बघू" हे प्रत्येक आई-वडील प्रेमानेच म्हणतात, आणि आम्हीही आमच्या मुलाला म्हटलेले आहे. परंतु हल्ली कॉलेजची यादी मुले भरतात आणि फी पालक भरतात. यादी भरणाऱ्याला फी भरणाऱ्याची स्थिती ठाऊक नसेल तर घोटाळा होणारच. म्हणून आजचा हा पाठ नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि तो त्यांनी आई-वडिलांना शेजारी बसवून वाचावा.

पहिली गोष्ट अशी की फी म्हणजे कॉलेजचा खर्च नव्हे. माहितीपुस्तिकेत शिक्षण शुल्क छापलेले असते. त्याखेरीज परीक्षा शुल्क, विकास शुल्क, अनामत रक्कम, पुस्तके, लॅपटॉप, येण्याजाण्याचे भाडे आणि गाव सोडले तर वसतिगृह व मेस. मुलगा इंदुरातच राहून शिकला तर घरचे जेवण आणि घरचे छप्पर या दोन गोष्टी हिशेबात दिसत नाहीत, पण त्याच सर्वांत मोठी बचत असतात. आणि एक खर्च तर कॉलेजच्या आधीच होऊन जातो. भंवरकुवा भागातले क्लासचे फलक सर्वांनी पाहिले आहेत. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत क्लासची फी भरता भरता कित्येक घरांची पुंजी संपते आणि प्रवेशाच्या वेळी डबा रिकामा असतो. क्लास वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण दोन वर्षांच्या क्लासला एकूण किती लागणार आणि तेवढ्याच पैशांत शासकीय महाविद्यालयाची किती वर्षे निघतात, ही तुलना दहावीच्या सुट्टीत एकदा कागदावर मांडावी. आमच्या अनुभवात ही तुलना फार थोड्या घरी होते.

दुसरी गोष्ट मिळकतीच्या आकाराची. नोकरदाराकडे पैसे महिन्याला येतात, दुकानदाराकडे दिवाळीला आणि लग्नसराईत, निवृत्त माणसाकडे एकदाच मोठी रक्कम आणि मग थोडे थोडे. कॉलेज मात्र वर्षातून एकदा किंवा दोनदा एकरकमी मागते, तेही जून ते ऑगस्टच्या दरम्यान, जेव्हा दुकानात मंदी असते आणि घरात धाकट्याच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो. वार्षिक उत्पन्न तेच असूनही एका घराला फी जड जाते आणि दुसऱ्याला जात नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आणि मिळकत थांबली तर? या शहराने ते पाहिले आहे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. पाच हजारांहून अधिक कामगार एका दिवसात घरी बसले. त्यांच्या देण्याचा दावा न्यायालयात चालत राहिला आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. मध्ये बत्तीस वर्षे गेली. ज्या कामगाराची मुलगी १९९१ मध्ये दहावीत होती ती पैसे आले तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची होती. कित्येक कामगार तोपर्यंत हयातही नव्हते. तो पैसा त्यांच्या हक्काचाच होता, पण ज्या जूनमध्ये तो हवा होता तो जून केव्हाच निघून गेला होता. आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी त्या वर्षांत शिक्षण सोडून दुकानांत, वर्कशॉपांत आणि ट्रान्सपोर्टच्या कार्यालयांत कामे धरली. अभ्यासात ती कमी होती म्हणून नव्हे.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो. आमचे वडील एका कापडाच्या पेढीवर मुनीम होते. आठवीपर्यंत आम्ही मराठी शाळेत शिकलो, पुढचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी ताई अभ्यासात आमच्याहून हुशार होती. हायर सेकंडरीनंतर ती घरी राहिली, शिवणकाम शिकली, आणि आम्ही मात्र रीतसर कॉलेजात गेलो. आम्हाला वाटे की तिला पुढे शिकायचे नव्हते. घरात या विषयावर कधी कोणी बोलले नाही. पुढे आमच्या मुलाचा प्रवेश झाला तेव्हा पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. तिने सहज सांगितले की वडिलांचे डोळे अधू झाल्यावर संध्याकाळी घरखर्चाची वही तीच लिहीत असे. दोघांची फी त्या वहीत बसत नव्हती. आम्ही विचारले, "मग तू वडिलांना काही म्हणाली नाहीस?" ती म्हणाली, "विचारायचे काय? वही माझ्याच हातात होती ना."

म्हणजे आमच्या घरी पैशाचे खरे चित्र एका मुलाला ठाऊक होते आणि दुसऱ्याला नव्हते, आणि जिला ठाऊक होते तिनेच किंमत दिली. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की सांगायचे तर सर्व मुलांना एकत्र बसवून सांगा. समजूतदार मुलगी ऐकते आणि गप्प राहते, लाडका मुलगा ऐकतच नाही, असे होऊ देऊ नका. आणखी एक. लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडायची नाही, पण शिक्षणासाठी पैसे नाहीत, असे आजही आमच्यासमोर बसून सांगणारे पालक आहेत. ती एफडी मुलीच्याच नावाची असते. ती कशासाठी वापरावी हे तिला एकदा विचारून पाहा.

आता गणित. मुलांनो, पेन्सिल घ्या.

समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पाच लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. बँक सगळी रक्कम एकदम देत नाही, दरवर्षी सव्वा लाख कॉलेजला पाठवते. व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पुष्कळ घरांत याचा अर्थ पाच वर्षे कर्जाकडे पाहायचे नाही असा घेतला जातो. पण व्याज चालूच असते, या काळात ते सरळ व्याजाने मोजतात. पहिल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचे ६२,५०० रुपये, दुसऱ्यावर चार वर्षांचे ५०,०००, तिसऱ्यावर ३७,५००, चौथ्यावर २५,०००. बेरीज १,७५,०००. पाच वर्षांनी कर्ज पाच लाखांचे राहत नाही, पावणेसात लाखांचे होते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,९२० रुपये येतो.

हेच व्याज शिकत असतानाच भरले तर? पहिल्या वर्षी महिन्याला साधारण १,०४२ रुपये, दुसऱ्या वर्षी २,०८३, तिसऱ्या वर्षी ३,१२५, चौथ्या व पाचव्या वर्षी ४,१६७. मग हप्ता पाच लाखांवरच बसतो, म्हणजे सुमारे ६,६०८ रुपये. दर महिन्याला २,३१२ रुपयांचा फरक, दहा वर्षांत २ लाख ७७ हजार. आधी भरलेले पावणेदोन लाख वजा केले तरी एक लाखाहून अधिक वाचतात. काही बँका असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरातही थोडी सूट देतात, ती विचारून घ्यावी. पहिल्या वर्षाचे हजार रुपये हा मोबाइल, बाहेरचे खाणे किंवा वाढदिवसाचा खर्च यांतून निघणारा आकडा आहे. दहावीच्या मुलांनी हेच उदाहरण तीन लाख कर्ज आणि ९ टक्के व्याज धरून सोडवावे आणि आमच्याकडे आणून दाखवावे.

कर्जाविषयी आपल्या समाजात जी भीती आहे तिच्याबद्दल दोन शब्द. घरावर कर्ज काढताना आपण सत्यनारायण करतो आणि शिक्षणासाठी काढायचे तर तोंड लपवतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या सर्वसाधारण योजनेत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे त्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते, मात्र तिची संख्या वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जावरील या काळातले सगळे व्याज सरकार भरते. शिक्षण अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. फेडीच्या काळात भरलेल्या व्याजावर आठ वर्षे आयकरात वजावट आहे, पण जुनी करपद्धती निवडली असेल तरच. तरीही ज्या कॉलेजातून पास झालेल्यांना नोकऱ्या मिळत नाहीत तिथल्या फीसाठी कर्ज काढू नये, असेच आम्ही सांगू. तिथे कमी फीचे शासकीय महाविद्यालय केव्हाही बरे. होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासून आहे. तिथून शिकलेली माणसे कुठे कुठे पोहोचली हे आपल्याच आजोबांना विचारा.

मध्य प्रदेशात राहणाऱ्यांसाठी मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ टक्के गुण, राज्याचा मूळ निवासी दाखला आणि उत्पन्नाची मर्यादा या तिच्या मुख्य अटी. मर्यादा आधी ६ लाख होती, पुढे ८ लाख झाली. शासकीय संस्थेत पूर्ण फी आणि खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात जेईईचा क्रमांक दीड लाखाच्या आत असल्यास दीड लाख किंवा प्रत्यक्ष फी, यांतील कमी ती रक्कम शासन देते. मेस आणि अनामत त्यात येत नाहीत. इंजिनिअरिंगला शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या ५ टक्के जागाही असतात, त्यांनाही ८ लाखांची मर्यादा आहे. बारावीच्या मंडळात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या मुलांना केंद्राची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते, आणि ती साध्या बी.ए., बी.कॉम.लाही चालते. तिचे अर्ज आपल्या मुलांकडून फारच कमी जातात. अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक योजनेचे त्या वर्षीचे नियम पाहून घ्यावेत.

आठ लाख म्हणजे महिना ६६,६६६ रुपये. आई-वडील दोघेही नोकरी करीत असतील तर दोघांची बेरीज धरतात. त्यामुळे दोन साध्या पगारांचे घर मर्यादेबाहेर जाते, आणि ज्यांची मिळकत कोणत्याही कागदावर उमटत नाही ते आत राहतात. यावर आम्हाला पुष्कळ बोलता येईल, पण मुखपत्राची पाने मोजकी आहेत.

पुण्याचे मात्र सांगितलेच पाहिजे. आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या घराला मुलाला पुण्याला पाठवायचे असते. आत्या तिथे असते, भाषा आपली असते. पण मराठी असणे वेगळे आणि महाराष्ट्राचे अधिवासी असणे वेगळे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. ही बातमी मराठी वाहिन्यांवर पाहून आपल्याकडच्या पालकांचे आम्हाला फोन आले. ती सवलत तिथल्या अधिवासींसाठी आहे. इंदूरची मुलगी तिथे परराज्यातली ठरते. आणि अकरावी-बारावीसाठीच मुलाला पुण्याला पाठवायचे असेल तर इथल्या मूळ निवासी दाखल्यावर आणि मेधावी योजनेवर त्याचा काय परिणाम होतो हे पाठवण्यापूर्वी विचारून घ्या, नंतर नव्हे.

ज्यांची मुले अजून बालवर्गात आहेत त्यांच्यासाठी एकच हिशेब. महिन्याला २,००० रुपये, ८ टक्के दराने, पंधरा वर्षे टाकले तर भरलेले ३ लाख ६० हजार सुमारे ६ लाख ९२ हजार होतात. तेच मूल दहा वर्षांचे झाल्यावर सुरू करून सात वर्षे टाकले तर सुमारे २ लाख २४ हजार. ८ टक्के नेहमी मिळतीलच असे नाही, पण फरक दराचा कमी आणि वर्षांचा जास्त आहे. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेले सुकन्या समृद्धी खाते पोस्टात उघडता येते. वर्षाला किमान २५० रुपये पुरतात. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली की आदल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकीच्या अर्ध्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपण दरवर्षी गुणवंतांना रोख बक्षिसे देतो, ती अवश्य द्यावीत. परंतु वर सांगितलेल्या वडिलांना बक्षीस नको होते. त्यांना जुलै ते दिवाळी एवढ्या काळासाठी कोणीतरी पैसे द्यायला हवे होते, आणि ते त्यांनी निश्चित परत केले असते. शिष्यवृत्तीचेही तेच आहे. ती मंजूर होते, पण हातात येते उशिरा, आणि काही ठिकाणी कॉलेज फी आधी मागते. तीन लाख रुपये बाजूला ठेवून त्यातून सहा महिन्यांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, परत आली की पुढच्या जूनमध्ये दुसऱ्याला द्यावी, असा प्रस्ताव आम्ही येत्या बैठकीत मांडत आहोत. अर्ज एका पानाचा असावा, निर्णय दोन दिवसांत व्हावा आणि घेणाऱ्याचे नाव कार्यालयाबाहेर जाऊ नये, एवढ्या तीनच अटी आम्ही सुचवल्या आहेत. पैसे बुडतील अशी शंका काही सभासदांनी बोलून दाखवली आहे. एखाद्याचे बुडतीलही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी नववी आणि दहावीच्या पालकांची सभा सकाळी दहा वाजता सभागृहात आहे. या वेळी मुलांनाही बरोबर आणावे, आणि घरात दोन मुले असतील तर दोघांनाही. येताना समग्र आयडी, मूळ निवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती आणाव्यात, नावांच्या अक्षरांत फरक असेल तर तो आताच दुरुस्त करता येईल. गणिताच्या शिक्षिका फळ्यावर कर्जाचे उदाहरण सोडवून दाखवतील. एक कोरी वहीसुद्धा आणावी.